चाकरी आणि मोकळी विद्या

भुवनेश्वर येथे केंद्र सरकारच्या सेवेत असलेल्या आमच्या एका स्नेह्यांचे पत्र दीड महिन्यापूर्वी आले. त्यांची कन्या विज्ञान शाखेतून बारावीची परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झाली आहे. अभियांत्रिकीस प्रवेश मिळावा इतके गुण तिच्यापाशी आहेत. आणि ती म्हणते, आपणास इतिहास शिकावयाचा आहे. पत्राच्या शेवटी स्नेह्यांनी सरळ प्रश्न टाकला होता : इतिहास, वाङ्मय, तत्त्वज्ञान असले विषय घेऊन आजच्या काळी कोणाची नोकरी आयुष्यभर नीट चालते काय? होय किंवा नाही, एवढेच कळवावे. ज्या गृहस्थाचे निम्मे आयुष्य टिपणांवर ‘मान्य’ आणि ‘अमान्य’ लिहिण्यात गेले, त्याने एका शब्दाचे उत्तर मागावे यात नवल नाही. आमच्याकडून मात्र ते उत्तर दीड महिना निघाले नाही.

हा प्रश्न परप्रांतात बदलीवर हिंडणाऱ्या मराठी कुटुंबांत अधिक बोचरा होतो, याची आम्हांस जाणीव आहे. गावाकडची जमीन भावांनी कसावी, वाडा चुलत्यांनी सांभाळावा, आणि आपण तीन-तीन वर्षांनी सामानाची खोकी बांधावीत, असा आपला संसार. ज्या गावी मुले वाढली तेथे आपले दुकान नाही, ओळखीपाळखी नाहीत, शिफारस करणारा मामा नाही. मुलांच्या हाती देण्याजोगा एकच वारसा उरतो, आणि तो म्हणजे पदवी. तेव्हा ती पदवी खणखणीत असावी, बाजारात दाखविताच वठावी, असे बापास वाटले तर त्यास कोणी हसू नये. आम्हीही हसत नाही. आमच्या घरीही हीच चिंता एकेकाळी याच शब्दांत बोलली गेली आहे.

परंतु प्रश्नातच एक गाठ आहे, ती प्रथम पाहिली पाहिजे. ज्यास इंग्रजीत ‘लिबरल’ शिक्षण म्हणतात त्यास आपण कधी ‘उदार’ म्हणतो, कधी ‘व्यापक’ म्हणतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ स्वतंत्र माणसास शोभणारी विद्या असा आहे. व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत आणि ज्योतिष या त्या सात विद्या. गुलामाने हाताचा कसब शिकावा आणि मालकाने या सात विद्या शिकाव्यात, असा त्यामागे अहंकारही होता. आपल्याकडील चौसष्ट कलांची कल्पना या बाबतीत अधिक मोकळी म्हटली पाहिजे. वात्स्यायनाने दिलेल्या यादीत गायन-वादन आहे, तसे सुतारकाम आहे, शिवणकाम आहे, पाकक्रिया आहे. आणि देशोदेशीच्या भाषांचे ज्ञान हीही तेथे एक स्वतंत्र कला मानली आहे. 2020 सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तील चौसष्ट कलांचा उल्लेख करून बहुविद्य शिक्षणाचा पुरस्कार केला, तेव्हा ही देशभाषांची कला किती जणांच्या ध्यानात आली असेल, कोण जाणे. असो. गाठ अशी की, स्वतंत्र माणसाची म्हणून जी विद्या सांगितली, तिचा चाकरीत काय उपयोग, असे आपण विचारतो. मोकळ्या विद्येने चाकरीचे भाडे मिळवून द्यावे, अशी ही मागणी आहे. ती गैर आहे असे आम्ही म्हणत नाही. मात्र ती चमत्कारिक आहे एवढे मनाशी धरून पुढे जावे.

योगायोग असा की, आपण ज्या मुलकी नोकरीचे वारस आहोत ती याच चमत्कारिक मागणीवर उभी राहिली. कंपनी सरकारच्या काळी भरती संचालकांच्या मर्जीने होई. ती प्रथा 1853 च्या कायद्याने मोडली, 1854 साली मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील समितीने चढाओढीच्या परीक्षेची योजना आखली, आणि 1855 साली पहिली परीक्षा झाली. एकूण गुण 6875. पैकी इंग्रजी भाषा, वाङ्मय व इतिहास मिळून 1500, गणितास 1000, ग्रीक व लॅटिन यांस प्रत्येकी 750, आणि संस्कृत व अरबी यांस प्रत्येकी 375. राज्य करावयाचे हिंदुस्थानावर आणि संस्कृताची किंमत ग्रीकच्या नेमकी निम्मी! त्या साहेबाच्या संस्कृताविषयीच्या मतांची ज्यांस माहिती आहे, त्यांस निम्मी तरी किंमत केली याचेच आश्चर्य वाटेल. तथापि समितीचा युक्तिवाद विचारात घेण्याजोगा होता. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षापर्यंत तरुणाने असे काही शिकू नये की जे केवळ या एका नोकरीतच उपयोगी पडेल; कारण परीक्षेत नापास होणारे पुष्कळ असणार, आणि त्यांची वर्षे फुकट जाता कामा नयेत. कायदा, जमाबंदी, देशी भाषा हे सारे निवड झाल्यावर शिकता येईल. यात ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पोरांची सोय पाहिली होती हे उघड आहे. पण सोयीसाठी मांडलेला मुद्दा खोटाच असतो असे नाही.

पुढे शंभर वर्षांनी विलायतेतच या मतावर हल्ला झाला. 1968 सालच्या फुल्टन समितीने तेथील सरकारी नोकरीतील हौशी सर्वज्ञांची चांगलीच हजेरी घेतली. आपल्याकडे 1966 साली नेमलेल्या प्रशासकीय सुधारणा आयोगानेही तज्ज्ञांस वरच्या जागा खुल्या कराव्यात असे सांगितले. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत 2013 पासून ऐच्छिक विषय दोनांचा एक झाला, सामान्य ज्ञानाचा भाग वाढला, आणि नीतिशास्त्राची एक स्वतंत्र प्रश्नपत्रिका आली. त्या नीतीचीही छापील टाचणे शिकवणीच्या वर्गांत मिळतात, हे येथे सांगून ठेवले पाहिजे.

आता नोकरीचा हिशेब. आमचा अनुभव असा की, पहिली दहा वर्षे एकच विद्या पक्की आलेला मनुष्य निःसंशय पुढे असतो. त्यास काम लवकर मिळते, वेतन अधिक मिळते, आणि वरिष्ठांस तो हवाहवासा वाटतो. इतिहासाच्या किंवा तत्त्वज्ञानाच्या पदवीधरास ही वर्षे ओशाळवाणी जातात. हे लपवून जो या शिक्षणाची थोरवी गातो तो फसवणूक करतो. मात्र प्रत्येक कचेरीत एक नियम लिहिल्यावाचून चालू असतो. ज्या प्रकरणास पूर्वदाखला आहे ते खालच्या टेबलावर निकालात निघते. ज्यास नाही ते जिना चढत वर येते. म्हणजे जसजसे पद वाढते तसतसा शिकलेल्या उत्तराचा उपयोग कमी होतो. चाळिशी उलटल्यावर अधिकाऱ्यापुढे येणारे प्रश्न बहुधा असे असतात की, ते कोणत्या शास्त्राचे आहेत हेच प्रथम ठरवावे लागते. धरणाखाली जाणाऱ्या गावाचे देऊळ हलवावे काय, हा प्रश्न अभियांत्रिकीचा, कायद्याचा, की श्रद्धेचा? त्यातून अलीकडे मसुदा लिहिणे, सारांश काढणे, तक्ता मांडणे ही कामे संगणकावरील यंत्रे क्षणात करून देतात. ज्या कौशल्यावर कारकुनीची एक पिढी पोसली गेली ते आता मोफत झाले आहे. यंत्राने लिहिलेला मसुदा सुंदर असला तरी तो खरा आहे काय, आणि ज्याच्याविषयी लिहिला त्याच्यावर त्याने अन्याय होतो काय, हे पाहावयास मनुष्य लागतो.

या संदर्भात चिंतामणराव देशमुखांचे उदाहरण कोणासही सुचेल. महाडजवळच्या नाते गावी 1896 साली जन्म. 1912 च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिला क्रमांक आणि संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. केंब्रिजला जाऊन घेतले ते वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र. 1918 च्या आय.सी.एस. परीक्षेत पुन्हा पहिले. यांपैकी एकाही विषयाचा चलनाशी संबंध नाही. आणि हेच गृहस्थ 1943 साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, 1944 साली ब्रेटन वुड्सच्या परिषदेस गेले, 1950 ते 1956 देशाचे अर्थमंत्री होते, आणि मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन बाहेर पडल्यावर विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष झाले. मेघदूत मराठीत आणण्याचा आणि संस्कृतात कविता रचण्याचा उद्योग या साऱ्या धामधुमीत चालूच होता. विश्वेश्वरय्याही आधी बंगळूरात बी.ए. झाले आणि मग पुण्यास येऊन अभियंते झाले. अशी नावे आणखी देता येतील. पण नावांच्या माळेने काही सिद्ध होत नाही. असामान्य बुद्धीचा मनुष्य काहीही शिकला तरी वर येतो, असे कोणी म्हणाले तर त्यास आमच्यापाशी उत्तर नाही.

याहून अवघड आक्षेप वेगळाच आहे, आणि भुवनेश्वराहून पत्र आले म्हणूनच तो आम्हांस अधिक टोचला. 1865 साली ओरिसात पाऊस लवकर गेला आणि पुढल्या वर्षी दुष्काळ पडला. सरकारने बाहेरून तांदूळ आणावा काय, अशी विचारणा वर गेली. कलकत्त्याचे उत्तर नकाराचे होते. भाव चढले म्हणजे व्यापारी आपण होऊन धान्य आणतील, सरकारने मध्ये पडू नये, असे त्या वेळचे अर्थशास्त्र सांगत होते. ज्या हेलिबरीच्या विद्यालयात माल्थसने आमरण अर्थशास्त्र शिकविले, त्याच विद्यालयातून यांतील वरिष्ठ अधिकारी आले होते. सरकार जागे झाले तोवर पावसाळा तोंडावर आला, त्या किनाऱ्यास जहाजे लागेनात, रस्ते नव्हतेच. सुमारे दहा लक्ष माणसे मेली. त्या मुलखातील दर तिघांत एक. पुढे कँबेल यांच्या चौकशी समितीने सरकारी चुकांवर बोट ठेवले, पण ते 1867 साली. एकच शास्त्र पक्के येत असले, आणि त्याच्या खिडकीतून दिसेल तेवढेच जग मानले, तर काय होते याचे याहून भीषण उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

येथवर आमचा पक्ष बळकट होतो. पण पुढे दहाच वर्षांनी काय झाले? 1876 ते 1878 या काळात दक्षिणेत त्याहून मोठा दुष्काळ पडला, तेव्हा व्हाइसरॉय होते लॉर्ड लिटन. हे गृहस्थ कवी होते. ओवेन मेरेडिथ या टोपणनावाने त्यांचे काव्यसंग्रह निघाले होते. वाङ्मय त्यांच्या घरातच होते, वडील नामांकित कादंबरीकार. अशा बहुश्रुत माणसाच्या राज्यात 1877 च्या 1 जानेवारीस दिल्लीत दरबाराचा थाट झाला, आणि दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या मजुराचे धान्य दिवसाला एक पौंडावर आणले गेले. मद्रासेतील आरोग्याधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनी याविरुद्ध कळकळीने लिहिले. पुढल्याच वर्षी देशी वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधणारा कायदा आला, तोही याच कवीच्या कारकिर्दीत. तेव्हा काव्य वाचल्याने मनुष्य दयाळू होतो, इतिहास वाचल्याने शहाणा होतो, असे जे आपण समारंभांतून ऐकतो ते आम्ही मानीत नाही. मोकळी विद्या अंगावर शालीसारखी घेता येते. शाल कितीही उंची असली तरी तिच्या आतल्या माणसात फरक पडत नाही.

मग फरक कशाने पडतो? त्याच दुष्काळात पुण्याची सार्वजनिक सभा जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारास पाठवीत होती : कोणत्या तालुक्यात किती पाऊस, धान्याचा भाव काय, किती लोक गाव सोडून गेले. या कामामागे महादेव गोविंद रानडे यांची प्रेरणा होती आणि ते स्वतः सरकारी न्यायखात्यात नोकर होते. रानडे मुंबई विद्यापीठाच्या अगदी पहिल्या पदवीधरांपैकी. इतिहास, अर्थशास्त्र, कायदा, धर्मचिंतन या सर्वांत त्यांची गती. पण आम्हांस येथे त्यांच्या पांडित्यापेक्षा एक लहानशी हकीकत महत्त्वाची वाटते. सरकारी खर्चात काटकसर सुचविण्यासाठी 1886 साली नेमलेल्या समितीवर त्यांची निवड झाली आणि त्यानिमित्त कलकत्त्यास राहण्याची वेळ आली. तेथे त्यांनी बंगाली शिकावयास घेतले. रमाबाईंनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की, दाढी करावयास आलेल्या न्हाव्यास ते हातातील बंगाली पुस्तकातली अक्षरे विचारीत असत. रमाबाईंनी या गुरूवरून थट्टा केली, तेव्हा त्यांनी दत्तात्रेयाच्या चोवीस गुरूंची आठवण दिली. चव्वेचाळिशी गाठलेला, देशभर कीर्ती झालेला न्यायाधीश. मुक्काम काही महिन्यांचा. समितीच्या कामास बंगालीची गरज नाही. आणि समोर वस्तरा घेऊन बसलेला शिक्षक!

आम्हांस वाटते, गुपित येथे आहे. लिटनपाशी विद्या होती ती मालमत्तेसारखी. रानड्यांपाशी होती ती सवयीसारखी. अनेक विषय शिकण्याचा खरा लाभ त्या विषयांची माहिती हा नव्हेच. ती दहा वर्षांत विसरते. आम्ही शिकलेल्या तर्कशास्त्रातील एक तरी नियम आज आम्हांस सांगता येईल की नाही, याची शंका आहे. लाभ असा की, ज्याने कोवळ्या वयात चार निरनिराळ्या दारांशी जाऊन चार वेळा अडाणी होण्याचा अनुभव घेतला, त्यास पुढे पन्नासाव्या वर्षीही अडाणी होण्याची लाज वाटत नाही. एकाच दारातून आत जाऊन तेथेच प्रवीण झालेल्यास ती वाटते. आणि बदलीच्या नोकरीत तर दर तीन वर्षांनी नव्या मुलखात अडाणी व्हावेच लागते. जो होत नाही तो जुन्या मुलखाचे शहाणपण घेऊन नव्यात चुका करीत सुटतो.

हे आम्ही पुस्तकातून काढलेले नाही. आम्ही स्वतः वाणिज्य शाखेचे. जमाखर्चात पक्के, आणि तरुणपणी त्याचा अभिमान बाळगणारे. पूर्व किनाऱ्यावर हिशेब-तपासणीच्या कामावर असताना पूरग्रस्तांस वाटलेल्या तांदळाचे एक प्रकरण आमच्यापुढे आले. काही पोत्यांच्या वाटपापुढे अंगठ्यांचे ठसे नव्हते. सोबत हाताने लिहिलेले दोन कागद टाचलेले होते, ओडिया लिपीत. आम्हांस ती लिपी येत नव्हती आणि ती शिकावी असे मनातही आले नव्हते. आम्ही आक्षेप नोंदविला : ठसे नाहीत, जोडलेले कागद वाचनीय भाषेत नाहीत. नियमाप्रमाणे तो आक्षेप निर्दोष होता. वरिष्ठांनी शाबासकी दिली. यथावकाश त्या पोत्यांची किंमत एका गावपातळीवरच्या लहान नोकराच्या वेतनातून हप्त्याहप्त्याने कापून घेण्याचा हुकूम निघाला.

पुढे घरमालकांच्या शाळकरी मुलाने, निव्वळ गंमत म्हणून, आम्हांस ओडिया अक्षरे शिकविली. शब्द पुष्कळसे ओळखीचेच निघाले. परकी होती ती केवळ त्या अक्षरांची गोलाई. वर्षभराने तेच प्रकरण पाठपुराव्यासाठी टेबलावर आले आणि आम्ही ते दोन कागद वाचले. घरोघरची नावे होती, माणसांची संख्या होती, कोणास किती दिले ते होते. शेवटी लिहिले होते की, शाईची डबी पाण्यात गेल्यामुळे ठसे घेता आले नाहीत, सबब गावातील तिघा वडीलधाऱ्यांच्या सह्या घेतल्या आहेत. तिन्ही सह्या तेथे होत्या. जो पुरावा आम्ही मागत होतो तो पहिल्या दिवसापासून आमच्या हाताखाली टाचलेला होता.

आक्षेप मागे घ्यावा असे टिपण आम्ही त्याच दिवशी लिहिले. परंतु आक्षेप घ्यावयास एक सही पुरते, तो पुसावयास पाच लागतात. पाचवी होण्यापूर्वी आमची बदली झाली. हप्ते पुढे थांबले की नाही, हे आम्हांस कधीच कळले नाही. त्या नोकराचे नाव आम्हांस आठवते. चेहरा आठवत नाही, कारण तो आम्ही कधी पाहिलाच नाही.

ही चूक वाणिज्य शाखेने केली असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. इतिहास शिकलेल्या अधिकाऱ्यानेही तेच टिपण लिहिले असते, असे शक्य आहे. लिटनचे उदाहरण वर दिलेच आहे. मात्र आमच्या शिक्षणाने आम्हांस एक गोष्ट नकळत शिकविली होती, ती अशी की, जे आपणास वाचता येत नाही ते कागदावर नाहीच. ही समजूत मोडण्यासाठी अनेक विषयांचे शिक्षण असते, आणि ज्यास ते तरुणपणी मिळत नाही त्यास पुढे कोणाच्या तरी वेतनातून त्याची फी भरावी लागते. नोकरीच्या दृष्टीनेही सांगावयाचे तर, त्या दोन कागदांनंतर आम्ही बरे अधिकारी झालो. वेतनवाढीत त्याचा हिशेब कोठे दिसत नाही, पण पुढल्या तीन-चार प्रांतांत जी कामे अवघड म्हणून आमच्याकडे मुद्दाम पाठविली गेली ती त्यामुळेच.

अखेर गेल्या रविवारी आम्ही स्नेह्यांस उत्तर लिहिले. एका शब्दात ते मावले नाही. मुलीस इतिहास घेऊ द्यावा, पण निव्वळ इतिहास नको. नव्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमात सोय असल्यास संख्याशास्त्र जोडीस असावे, कारण विज्ञान शाखेत कमावलेले गणित सोडून देणे म्हणजे एक दार उघडताना दुसरे बंद करणे होय. पहिली काही वर्षे मिळकत बेताची राहील. बापाने पंचविशी-सव्विशीपर्यंत हात आखडता घेऊ नये आणि मामेभावाच्या वेतनाचा आकडा घरात काढू नये. तिने अभियांत्रिकीच घ्यावयाचे ठरविले, तरी संध्याकाळी तिच्या हाती दुसरे पुस्तक असावे. आमचा आग्रह पदवीच्या नावाविषयी नाही.

आणि ताजा कलम म्हणून एक प्रश्न आम्हीही विचारला. भुवनेश्वरात त्यांची सहा वर्षे पूर्ण होत आली. घरासमोरून जाणाऱ्या बसवरची ओडिया पाटी त्यांस वाचता येते काय? होय किंवा नाही, एवढेच कळवावे. त्यांचे उत्तर अद्याप यावयाचे आहे.